सुहृद आणि वाटेतील सोबती

गृहस्थाचे बहुतेक संबंध त्याने स्वतः निवडलेले नसतात. आईवडील, भावंडे, कूळ आणि गाव जन्माबरोबर मिळतात. शेजारी घराबरोबर मिळतो आणि वरिष्ठ अधिकारी नोकरीबरोबर. या सर्वांविषयीची कर्तव्ये शास्त्रांनी विस्ताराने सांगितली आहेत, आणि शास्त्र न वाचलेल्यालाही ती घरातील वडीलधाऱ्यांच्या वागणुकीवरून कळतात. परंतु ज्याची ओळख काल संध्याकाळी झाली, ज्याचे आडनावही नीट ध्यानात राहिलेले नाही आणि जो चार दिवसांनंतर पुन्हा आयुष्यात भेटेलच असे नाही, त्याचे आपण काय देणे लागतो? पूर्वी हा प्रश्न तीर्थयात्रेत उपस्थित होत असे. बदरीनारायणाची वाट पायी चालणारे यात्रेकरू हृषीकेशला एकमेकांस प्रथमच पाहत, आणि पुढे कित्येक दिवस एकाच चट्टीवर उतरत, एकाच चुलीपाशी हात शेकत. आज हाच प्रश्न हिमालयाच्या वाटांवर निराळ्या वेषात येऊन उभा राहिला आहे.

मोटारसायकलवरून हिमालयात जाण्याची हौस अलीकडे नोकरदार व व्यापारी गृहस्थांत पुष्कळ वाढली आहे. कोणी एकटा निघतो, कोणी मनालीपर्यंत आगगाडी आणि बस यांनी येऊन तेथे गाडी भाड्याने घेतो, आणि धर्मशाळेत वा लहानशा हॉटेलात आपल्यासारखेच आणखी दोघे-तिघे भेटले की त्यांचा मेळ बनतो. मनालीहून निघणारी एक वाट स्पितीच्या खोऱ्यात जाते. सुमारे 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात वाहतुकीस खुला झाला. त्यातून पलीकडे लाहौलमध्ये निघावे, लेहचा रस्ता सोडून कोकसर व ग्राम्फूकडे वळावे, आणि चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, छोटा दरा, बातल ही ठिकाणे मागे टाकीत कुंझुम खिंड चढून काझा गाठावे, असा तो मार्ग आहे. एकूण अंतर 200 किलोमीटरच्या आसपास. मैदानी प्रदेशात ही चार तासांची गोष्ट झाली. येथे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतही ती पुरी होईलच असे नाही. मार्ग सुधारण्याची कामे होत असली तरी या वाटेची ख्याती दगडगोटे, वाळू आणि आडवे वाहणारे नाले यांचीच आहे. ऊन तापू लागले की वरचे बर्फ वितळते, आणि सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारनंतर गुडघ्याला लागते. म्हणून जाणती माणसे नाले सकाळीच ओलांडतात. खिंडीच्या माथ्यावर कुंझुमदेवीचे मंदिर आहे. तेथे पोहोचणारे वाहन देवीला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जाते, अशी तेथील रीत आहे.

या वाटेवर गाडी चालवण्याची पद्धत शहरातील पद्धतीहून वेगळी आहे. खडीवर बसून राहिल्यास प्रत्येक हिसका कण्यात उतरतो; म्हणून अनुभवी चालक पाय ठेवण्याच्या दांड्यांवर उभा राहतो, गुडघे किंचित वाकवतो आणि गाडीला आपल्याखाली मोकळेपणाने हलू देतो. हँडल घट्ट आवळायचे नसते. पुढचे चाक दगडावरून थोडे इकडेतिकडे सरकणारच, आणि त्या प्रत्येक सरकण्याशी हाताने झगडणारा लवकर पडतो. नाल्यात पहिल्या गिअरमध्ये, वेग न वाढवता व न घटवता, पलीकडच्या काठाकडे पाहत जायचे. पाण्यातील ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे टक लावली की चाक नेमके त्याच दगडाकडे वळते, हे या वाटेवर गाडी चालवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 62 व 63 या श्लोकांत विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे ती विषयभोगांसंबंधी आहे हे खरे. परंतु भयाचे चिंतनही त्याच पायऱ्यांनी खाली नेते, याचा प्रत्यय नवशिक्याला एका सकाळीत येतो. असो. हे कौशल्य सरावाने साधते. सोबतीचे शास्त्र त्याहून कठीण आहे.

अशा प्रवासाला प्रपंची माणसाने जावेच कशाला, असा आक्षेप घरातील वृद्ध मंडळी घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस कर्माचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात चार गोष्टींचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस म्हटले आहे. पुढे होणारा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्या जीवांना पोहोचणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य या त्या चार गोष्टी होत. पहाडी प्रवासाला निघणाऱ्याने ही चार नावे सामानाच्या यादीच्या वरच लिहून ठेवावीत. यांतील इजा केवळ माणसांना होते असे नाही. उंचावरील कुरणांवर गवत उगवण्याचा काळ वर्षातून जेमतेम काही आठवड्यांचा असतो. हौसेने वाट सोडून कुरणात घातलेल्या गाडीच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षे बुजत नाहीत, आणि ते गवत कोणाच्या तरी मेंढ्यांच्या तोंडचे असते. चंद्रताल सरोवराला 2005 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि तेथे वाहने अलीकडेच उभी करून उरलेले अंतर पायी जावे लागते. हा निर्बंध ज्याला जाचक वाटतो त्याने सरोवराला जाऊच नये. परिणाम, हानी आणि इजा यांचा विचार पुष्कळ लोक थोडाफार करतात. विमा उतरवतात, हेल्मेट घेतात, घरी मुक्कामांचा कागद ठेवतात. घोडे अडते ते चौथ्यापाशी, कारण आपले सामर्थ्य तोलण्याचे काम सोबत्यांच्या देखत करावे लागते.

एक दृष्टांत घेऊ. कोइमतूरचा एक सुताचा व्यापारी, इंदूरचा एक बँकेतील कर्मचारी, कोलकात्याचा एक तरुण अभियंता आणि जबलपूरचा पन्नाशीला आलेला एक शिक्षक असे चौघे मनालीत एकत्र आले आहेत. रात्री जेवताना प्रत्येकाने आपापल्या प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. शिक्षकाने आपण पहाडात गाडी चालवली असल्याचे सांगितले. ते खोटे नव्हते. पचमढीच्या डांबरी रस्त्यावर त्याने ती खरोखरच चालवली होती. बाकीचे तिघे त्याला मास्टरजी म्हणू लागले, त्याच्या ताटात आग्रहाने पोळी वाढू लागले, आणि कच्च्या वाटेचा आपल्याला अनुभव नाही हे सांगण्याची वेळ तेथेच निघून गेली. दुसऱ्या दिवशी छत्रूच्या पुढे एका नाल्यात त्याची गाडी आडवी झाली. तिघांनी पाण्यात उतरून ती काढली. हसणे झाले, त्यात विखार नव्हता, आणि सर्वांत मोठ्याने मास्टरजी स्वतःच हसले. भिजलेल्या बुटांनी ते संध्याकाळी चंद्रतालजवळच्या मुक्कामी पोहोचले. त्यांना जेवण गेले नाही, डोके ठणकत राहिले, झोप लागली नाही. सकाळी तंबूच्या मागे जाऊन त्यांनी एकदा वांती केली आणि तोंड धुऊन परत येऊन म्हणाले की, विशेष काही नाही, थोडा थकवा आहे. तुम्ही मंडळी पुढे व्हा, मी ऊन वर आले की सावकाश येतो.

या एका वाक्यापाशी थांबले पाहिजे. तिघांना त्या दिवशी काझाला पोहोचायचे आहे. तेथे खोल्या ठरवल्या आहेत, रजेचे दिवस मोजके आहेत, परतीची तिकिटे काढलेली आहेत. आणि जाण्याची परवानगी स्वतः आजारी माणसानेच दिलेली आहे. तो अज्ञान बालक नाही. पन्नास वर्षांचा सुबुद्ध मनुष्य आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा त्याचा मानच राखणे नव्हे काय? वरवर पाहता हा युक्तिवाद निर्दोष दिसतो.

परंतु डोंगराचे शास्त्र येथे निराळी साक्ष देते. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटर उंचीवर आहे आणि चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर. उंचीचा अभ्यास केलेले वैद्य सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या मुक्कामाची उंची दररोज सुमारे 500 मीटरहून अधिक वाढवू नये. चौघांनी एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून तेथे रात्र काढली. कुंझुमच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे आणि निद्रानाश ही पर्वतीय विकाराची पहिली लक्षणे आहेत. विकार वाढला तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचते. मग चाल डळमळते, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच खाली न उतरवल्यास मनुष्य दगावतो. अशा रोग्याला एकटे सोडू नये हा नियम त्या शास्त्रात निरपवाद आहे, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे: ज्या बुद्धीने त्याने स्वतःची पारख करायची, त्या बुद्धीवरच विकाराची छाया पडत असते. कठोपनिषदात शरीराला रथ आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. सारथ्याच्याच हातातील लगाम सैल होऊ लागला तर तो सावरण्यास शेजारी बसलेल्याने हात पुढे करायला नको काय? तेथे सारथ्याची संमती विचारीत बसणे हा आदर नव्हे.

आणखी एक पळवाट मन शोधते. काझा चंद्रतालहून खाली आहे, तेव्हा मास्टरजींना बरोबर घेऊनच पुढे गेले तर ते आपोआप बरे होतील, असे कोणी सुचवील. यात अर्धे सत्य आहे. काझा खाली आहे; परंतु तेथे जाणारी वाट आधी कुंझुमच्या साडेचार हजार मीटरवर चढते, आणि रोग्याने चढायचे नसते. खाली जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे आल्या वाटेने माघारी, बातलकडे आणि तेथून लाहौलकडे. ज्या दिशेला आपली खोली ठरलेली आहे नेमकी तीच दिशा रोग्याच्या हिताची वाटू लागणे, यासारखा सूक्ष्म मोह दुसरा नाही.

आता मूळ प्रश्न. या तिघांचे मास्टरजी कोण लागतात? गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात माणसामाणसांतील नात्यांची एक माळ आहे. तीत सुहृद आणि मित्र हे दोन शब्द शेजारी असूनही वेगळे ठेवले आहेत. आचार्य शंकरांनी भाष्यात त्यांचा भेद स्पष्ट केला आहे. ज्याच्या ठायी स्नेह आहे तो मित्र; आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता जो उपकार करतो तो सुहृद. हा भेद नव्या ओळखीला फार उपयोगी पडतो. कारण दोन दिवसांच्या सोबतीत मैत्री अजून झालेलीच नसते. एकत्र जेवणे, एकमेकांची छायाचित्रे काढणे, एकमेकांच्या गाड्यांची वाखाणणी करणे याला मैत्री म्हणणे ही शब्दांची उधळपट्टी आहे. स्नेह रुजायला ऋतू जावे लागतात. सुहृद होण्याला मात्र ओळखीची अट नाही. पहिल्या तासालाही मनुष्य सुहृद होऊ शकतो. पाचव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंत स्वतःला सर्व भूतांचा सुहृद म्हणवतात. तेव्हा तिघांपैकी कोणी म्हणाला की मास्टरजी माझे मित्र नाहीत, तर ते त्याचे म्हणणे मान्य करावे आणि त्याला सांगावे की, मित्र नसले म्हणून सुहृदाचे काम टळत नाही.

नव्या सोबतीची खरी अडचण आणखी खोलवर आहे. जुन्या मित्रापाशी भय बोलून दाखवता येते. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मध्ये अर्जुनाने काय सांगितले ते पाहावे: अंग गळते आहे, तोंड कोरडे पडते आहे, कापरे भरते आहे, हातातून धनुष्य निसटते आहे, उभे राहवत नाही, मन भ्रमते आहे. आपल्या दुबळेपणाची इतकी तपशीलवार कबुली त्याने दिली, आणि जगातील सर्व वीर समोर असताना दिली, कारण सारथ्याच्या जागी जन्माचा सखा होता. त्या सख्याने त्याला कठोर शब्दही ऐकवले, हे खरे. परंतु तो रथ सोडून गेला नाही. मास्टरजींच्या शेजारी असा सखा नव्हता. तेथे तीन उमदे, चांगले, परंतु नवे लोक होते, आणि नव्या लोकांसमोर मनुष्य स्वतःची जी मूर्ती उभी करतो तिचा तो दोन दिवसांतच कैदी होतो. जेथे भय बोलता येत नाही तेथे ते लपवले जाते, आणि लपवलेले भय नाल्यात, खिंडीत, तंबूत जीवावर बेतते.

मग नव्या सोबतीत भय बोलण्याची सोय कोणी करायची? या ठिकाणी विराटपर्वातील उत्तरकुमाराची कथा आठवावी. तिचा उल्लेख सहसा बढाईखोराची थट्टा करण्यासाठी होतो, आणि त्यामुळे तिचा उत्तम भाग झाकून जातो. राजपुत्र उत्तराने अंतःपुरात स्त्रियांसमोर मोठ्या वल्गना केल्या, आणि कौरवांची सेना दृष्टीस पडताच तो रथातून उडी टाकून पळाला. त्याचा त्या दिवसापुरता सारथी होता बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन. अर्जुनाने त्याला धावत जाऊन पकडले, धीर दिला आणि एक साधी गोष्ट केली: दोघांच्या जागा बदलल्या. युद्ध मी करतो, तू घोडे हाक, असे त्याला सांगितले. उत्तराला घरी हाकलले नाही, त्याला न झेपणाऱ्या कामावर उभेही केले नाही; झेपेल असे आणि गरजेचे असे काम दिले, आणि त्याने ते चांगले केले. विजय मिळाल्यावर तो उत्तराच्याच नावाने जाहीर करावा, असेही अर्जुनाने सुचवले. उत्तराने घरी आल्यावर पित्याला सांगितले की हे माझे काम नव्हे, एका देवपुत्राने केले. सकाळी ज्याला खोटे बोलल्याशिवाय राहवत नव्हते त्याला संध्याकाळी आपली उणीव सांगणे सोपे झाले. मधल्या काळात त्याला कोणी टाकून दिले नव्हते, एवढेच त्याला निमित्त.

पहाडात मोटारसायकल चालवणाऱ्या मेळ्यांत एक चांगली चाल रूढ आहे. ती पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिच्यात धर्म आहे असे वाटत नसेल. ओळीत चालताना प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचे असते. फाटा आला की थांबायचे. मागचा दिसेपर्यंत हलायचे नाही. तो आला नाही तर परत फिरायचे. सर्वांत पुढे वाट जाणणारा असतो आणि सर्वांत शेवटी सर्वांत कसलेला चालक असतो, ज्याला मुद्दाम कोणाच्याही पुढे जाता येत नाही. या रीतीने शेवटचा मनुष्य थांबला की हळूहळू सारी ओळ थांबते, आणि कोणालाही हाक मारावी लागत नाही. दूरध्वनीचा जेथे भरवसा नाही तेथे ही व्यवस्था फार मोलाची आहे. तिचा नैतिक गुण असा की मागे पडणाऱ्याला मदत मागावी लागत नाही. मागण्याची लाज तिने काढून टाकलेली असते. चंद्रतालच्या तंबूत नेमकी हीच व्यवस्था नव्हती; तेथे मागे राहणाऱ्यालाच स्वतःविषयी निर्णय उच्चारावा लागला, आणि भिडस्त मनुष्य असा निर्णय नेहमी इतरांच्या सोयीचा देतो.

मास्टरजींची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या रात्री पचमढीचा डांबरी रस्ता त्यांनी पहाड म्हणून खपू दिला, आणि अंगातले दुखणे थकवा म्हणून सांगितले. सत्य म्हणजे शब्दाशब्दाला खरे बोलणे नव्हे. ज्याला आपल्या बोलण्यावर विसंबून पाऊल टाकायचे आहे त्याच्या मनात यथार्थ समजूत उत्पन्न होणे हे सत्याचे प्रयोजन आहे. सोबत्यांपासून दुखणे लपवणारा त्यांच्यावर भार टाकू इच्छित नाही हे खरे; परंतु तो उद्याचा मोठा भार त्यांच्या नकळत आज त्यांच्या माथी बांधत असतो. जेवणाच्या पहिल्या पंगतीलाच जो सांगतो की, बाबांनो, मला नाल्यांची भीती वाटते, तो मेळ्याचा हितकर्ता आहे. त्याच्यामुळे आणखी दोघांना तेच कबूल करण्याचे धैर्य येते. अशी सभा क्वचितच असते जिच्यात भ्यालेला एकटाच असतो.

तिघांनीही माघारी फिरावे काय, असा प्रश्न उरतो. धर्म हिशेबाला पारखा नसतो. एकाने थांबावे, स्थानिक जीप मिळवून मास्टरजींना घेऊन खाली उतरावे, त्यांची गाडी मुक्कामाच्या मालकाच्या हवाली करावी. दोघांनी पुढे जाण्यास हरकत नाही, आणि पुढे गेलेल्यांना दोष देण्याचेही कारण नाही. थांबणारा कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे मात्र अत्यंत वाईट. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याचा चेहरा रोग्याला दिसतो. जो थांबेल त्याने आपला प्रवास बुडाला हे त्याला कळू देऊ नये. हे फारच थोड्यांना जमते. उपकार करणे सोपे आहे, उपकाराचा आवाज न होऊ देणे कठीण.

वनपर्वात याचा एक सुंदर नमुना आहे. पांडव गंधमादन पर्वताकडे निघाले तेव्हा युधिष्ठिराने विचार केला की वाट दुर्गम आहे. भीमाने द्रौपदी, सहदेव आणि थकलेली मंडळी यांना घेऊन मागे गंगाद्वारी थांबावे. द्रौपदी हसत म्हणाली की मी येईन, माझी चिंता करू नये. भीमानेही चालवेनासे होईल तेथे मी उचलून नेईन असे सांगितले. पुढे वादळ झाले, आणि द्रौपदी चालता चालता मूर्च्छित होऊन कोसळली. येईन म्हणाली होतीस ना, असे कोणीही म्हटले नाही. युधिष्ठिराने दोष दिला तो स्वतःच्या द्यूताला. नकुल-सहदेवांनी धनुष्याच्या दोरीने घट्टे पडलेल्या हातांनी तिचे पाय हळूहळू चेपले, आणि भीमाने घटोत्कचाचे स्मरण करून सर्वांना वाहून नेण्याची व्यवस्था केली. तेथे ती पत्नी होती, हे खरे. नात्याच्या माणसासाठी कोणीही हे करील, असे म्हणता येईल.

याहून मोठी शंका महाप्रस्थानाची आहे. त्याच हिमालयात द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक पडले, आणि युधिष्ठिराने वळूनही पाहिले नाही. धर्मराजानेच जर असे केले तर इतरांनी मागे का पाहावे, असे काही जण चातुर्याने विचारतात. त्यांनी त्या यात्रेचे स्वरूप ध्यानात घ्यावे. ती देह ठेवण्यासाठी सर्वांनी जाणून पत्करलेली वाट होती. राज्य देऊन, अग्नी विसर्जित करून ते निघाले होते. काझाला जाणारा गृहस्थ परतीचे तिकीट खिशात घेऊन निघतो. आणि त्या वाटेवरही युधिष्ठिर पूर्णपणे पुढे गेलाच नाही. हस्तिनापुरापासून एक कुत्रा न बोलावता त्यांच्या मागे आला होता. त्याचे ना कुळ, ना नाते, ना उपकार. इंद्र रथ घेऊन आला तेव्हा त्या कुत्र्यावाचून रथात चढण्यास युधिष्ठिराने नकार दिला. इंद्राने परोपरीने समजावले तरी तो ढळला नाही. तो कुत्रा साक्षात धर्म होता हे नंतर उघड झाले. नकार देतेवेळी तो केवळ वाटेतील सोबती होता.

स्वर्गारोहणपर्वातील प्रसंग तर याच्याही पुढचा आहे. भावांना पाहण्यासाठी युधिष्ठिर देवदूतामागून एका अंधाऱ्या, दुर्गंधीयुक्त वाटेने गेला. तेथील दुर्गंधी असह्य होऊन तो माघारी वळला. तेव्हा अंधारातून दीन स्वर ऐकू आले: आपण येथे आहात तोवर आपल्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला सुख वाटते, क्षणभर थांबावे. ते स्वर त्याने ओळखले नाहीत, असे व्यासांनी स्पष्ट नमूद केले आहे. तरी तो थांबला. थांबल्यावर त्याने विचारले की आपण कोण आहात, आणि मग उत्तरे आली: कर्ण, भीम, अर्जुन. पुढे त्याने देवदूताला परत पाठवले आणि आपण तेथेच राहत असल्याचा निरोप दिला. परंतु नावे कळण्याच्या आधीच त्याचे पाय थांबले होते.